शिवेचा दगड आणि तीन फूट

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीबाहेर, गटाराच्या कडेला एक दगड आहे. काळाकुळकुळीत, वर निमुळता, गुडघ्याएवढा. जमिनीखाली किती आहे ते तेव्हा कुणी पाहिलं नव्हतं. माथ्यावर छिन्नीने मारलेली फुली आहे. पावसाळ्यात तिच्या खाचेत चमचाभर पाणी साचतं आणि साळुंक्या येऊन चोच बुडवतात. एका अंगाला चुन्याचे पापुद्रे, दुसऱ्या अंगाला कधीकाळी कुणी लावलेल्या शेंदराचा पुसट डाग. ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला राहायला आल्यापासून मी त्याला वळसा घालून भाजीला जात होते. महापालिकेचा नाही, बिल्डरचा नाही, म्हणजे कुणाचाच नाही, असं धरून चालले होते.

माझे बाबा भूकरमापक, म्हणजे जमिनी मोजणारे. नोकरीभर प्लेन टेबल आणि साखळी घेऊन बांधाबांधाने हिंडलेले. निवृत्तीनंतर आमच्याकडे राहायला आले तेव्हा संध्याकाळच्या फेरीत ते या दगडापाशी थबकले. चपलेच्या टोकाने माथ्यावरचा चिखल सारला, फुली पाहिली आणि म्हणाले, "अगं, तू तर शिवेवर घर घेतलंयस."

दोन गावांची शीव. आज दोन्ही गावं ठाणे महापालिकेच्या पोटात आहेत आणि आमच्या पत्त्यात त्यांपैकी एकाचंही नाव नाही. इथेही मी ती लिहीत नाही, कारण त्याच रेषेच्या आसपास दोन सोसायट्यांचं पार्किंगवरून जुंपलेलं आहे आणि मला दोन्हीकडे हळदीकुंकवाला जायचं असतं.

गेल्या वर्षी त्या गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवायचं काम निघालं आणि दगड मध्ये यायला लागला. तिसऱ्या मजल्यावरचे काका जाणते, वाचणारे, किल्ले हिंडलेले. त्यांनी लगेच तोडगा काढला: "उद्यानात नेऊ या. छान चौथरा बांधू, पाटी लावू, लहान मुलांना इतिहास कळेल." मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. विरोध करणारी मी एकटीच. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. बायका मीटिंगमध्ये बोलायला लागल्या की चहा येतो, हा अनुभव जुना आहे. म्हणून जे म्हणायचं होतं ते इथे सविस्तर लिहिते.

मला वाटतं, शिवेचा दगड उद्यानात नेणं आणि तो फोडून खडी करणं यात फार फरक नाही. उलट खडी केली तर निदान खोटं तरी बोललं जात नाही.

मूर्ती हलवता येते. वीरगळ हलवला तरी त्यावरचा वीर लढतच राहतो, वरच्या चौकटीत अप्सरा त्याला नेतच राहतात. पण शिवेच्या दगडावर सांगण्यासारखं बहुधा काही नसतंच. एक फुली, फार तर एखादा आकडा. त्याचं सगळं म्हणणं एवढंच असतं की 'इथे'. तो इथून उचलून तिथे ठेवला की त्याच्याकडे सांगायला काही उरत नाही, आणि वर तो चुकीच्या जागी उभा राहून 'इथे, इथे' म्हणत राहतो.

आपल्या भाषेला ही गोष्ट जुनी ठाऊक आहे. शीव म्हटलं की आज स्टेशन आठवतं; पण मुंबईचं बेट तिथे संपायचं आणि साष्टी सुरू व्हायची, म्हणून ती शीव. इंग्रजांनी तिचं सायन केलं आणि अर्थ गळून पडला, जागा मात्र राहिली. शिवार त्या शिवेच्या आतलं. दसऱ्याला सोनं लुटायच्या आधी सीमोल्लंघन करायचं ते ती ओलांडून. लग्नात वरपक्ष गावाच्या सीमेवर आला की त्याचे पाय धुवायचे, ते सीमांतपूजन. आता ते नौपाड्यातल्या वातानुकूलित हॉलच्या लिफ्टपाशी उरकतात आणि तरी निमंत्रणपत्रिकेवर सीमांतपूजनाची वेळ छापायला विसरत नाहीत. अब्रू गेली तर ती वेशीवर टांगली जाते, घरात नाही. आणि भाऊबंदकीचं मूळ विचाराल तर कुणीही सांगेल: बांध कोरला.

बांध कोरणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे आणि त्यावरचे उपायही तितकेच जुने आहेत. स्मृतिकारांनी सांगून ठेवलंय की सीमेवर वड, पिंपळ, ताड अशी दीर्घायुषी झाडं लावा, आणि तेवढ्यावर विश्वास न ठेवता जमिनीखाली गुपचूप खुणा पुरा: कोळसा, खापरं, हाडं, भुसा, राख, विटा, वाळू. वरची खूण कुणी हलवली तरी खालची राहील. कोळसा कुजत नाही. माणसाच्या स्वभावाचा इतका अचूक अंदाज मला तरी दुसऱ्या कुठल्या नियमात दिसला नाही.

आपल्या भागात, म्हणजे शिलाहारांच्या उत्तर कोकणात, याच्याही पुढची पायरी गाठली होती. ठाणे, तेव्हाचं श्रीस्थानक, ही त्यांची राजधानी. त्यांच्या काळात आणि नंतरही दिलेल्या जमिनीवर, गावावर जो दगड उभा करायचे तो गद्धेगाळ. वर सूर्य, चंद्र आणि कलश. म्हणजे चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालेल. मध्ये लेख. आणि खाली गाढव आणि बाई, असं चित्र की शाळेची सहल तिथे नेली तर बाईंना घाम फुटेल. हे दान जो मोडेल त्याच्या आईला उद्देशून ती शिवी आहे. अपरादित्याच्या काळातला परळचा शिलालेख, शके ११०८ चा, संस्कृतात सुरू होतो आणि शापापाशी आल्यावर मराठीत उतरतो: शासन मोडणाऱ्यावर वैद्यनाथाची भाल सहकुटुंब पडो, आणि त्याच्या पुढचं वाक्य मी इथे लिहिणार नाही. मराठीतल्या अगदी जुन्या लिहिलेल्या ओळींपैकी ही एक. आपल्या भाषेच्या दप्तरी पहिल्या पानांवरच जमिनीचा तंटा आणि आईवरून शिवी आहे, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

असे दगड आजच्या नवी मुंबईच्या उंबऱ्यावरही सापडले आहेत. उरणजवळच्या चाणजे आणि रानवड इथले शिलाहारकालीन लेख अभ्यासकांना परिचित आहेत, भिवंडीजवळच्या लोनाडचाही. काही दगड संग्रहालयांत गेले, काही देवळांच्या आवारात रचून ठेवले आहेत, काही शेतात उभे आहेत. यातला फरक बघण्यासारखा आहे. संग्रहालयातल्या दगडाची अक्षरं स्वच्छ दिसतात, काचेखाली दिवा असतो, पण 'हे दान कुठवर' याचं उत्तर त्या दिव्यात दिसत नाही. उलट एखाद्या गावात त्या दगडाला लोकांनी देव मानून दर वर्षी शेंदूर चढवला, तर त्या लेपाखाली अक्षरं बुडतात. अभ्यासक कपाळाला हात लावतात, आणि ते बरोबरच आहे. पण शेंदूर लावलेला दगड कुणी हलवत नाही. ट्रॅक्टरवाला वळसा घालतो. शेंदराने अक्षरं झाकली पण जागा राखली, आणि शिवेच्या दगडाच्या बाबतीत मला विचाराल तर जागा हीच पहिली ओळ आहे. शेंदूर काढता येतो. हरवलेली जागा परत आणता येत नाही.

काकांचा मुद्दा मी टाळत नाही. ते म्हणाले, "सीमाच राहिली नाही तर सीमेचा दगड कशाला? आणि सीमा तरी कुठल्या स्थिर असतात?" हे खरंच आहे. ठाणे आणि आसपासचा भाग हा हद्दी बदलण्याचा कारखाना आहे. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि एका झटक्यात साष्टीची बाजू बदलली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्का बसला. मुलुंड १९५७ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होतं; मग ते बृहन्मुंबईत गेलं. १९८२ साली ठाणे महापालिका झाली तेव्हा आसपासची कितीतरी गावं एका रात्रीत शहर झाली. २०१४ साली पालघर वेगळा झाला. आणि पारसिकच्या डोंगरापलीकडची ती चौदा गावं! नवी मुंबई महापालिका झाली तेव्हा ती आत होती. करांना आणि कारभाराला कंटाळून लोकांनी आंदोलन केलं, २००७ साली ती बाहेर आली. बाहेर रस्ते-पाणी मिळेना म्हणून पुन्हा आत घ्या अशी मागणी झाली आणि २०२४ साली ती पुन्हा आत आली. तिकडे कल्याण-डोंबिवलीतल्या २७ गावांचीही आत-बाहेर अशीच चाललेली. इतक्या वेळा तर आमच्या सोसायटीचं कार्यकारी मंडळही बदललेलं नाही.

पण नीट पाहिलं तर हे सगळं राजपत्रात घडलेलं आहे. चौदा गावं आत आली, बाहेर गेली, तरी एकाही गावाची शीव एक वावभर सरकली नाही. महापालिका, जिल्हा, मतदारसंघ ही वरची पांघरुणं. खाली मौजे, म्हणजे महसुली गाव, तेच. आजही सातबाऱ्यावर, मिळकत पत्रिकेवर, फ्लॅटच्या करारावर 'मौजे अमुक' असं लिहिलेलं असतं, आणि ते अमुक म्हणजे बहुतेकदा असं गाव जे आता फक्त रिक्षा स्टँडच्या नावात उरलेलं आहे. माजिवडे, पाचपाखाडी, कोलशेत, बाळकुम, चेंदणी, उथळसर. तीस मजल्यांचा टॉवर ज्या कागदावर उभा असतो त्या कागदाच्या खाली जुन्या मोजणीचं टिपण असतं आणि त्या टिपणातली अंतरं कुठल्या तरी दगडापासून मोजलेली असतात.

हे बाबांकडून ऐकल्याशिवाय मलाही कळलं नसतं. मुंबई इलाख्यातली शेतवार मोजणी १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मार्गी लावली, मग ती तालुक्या-तालुक्यांत पसरली. ३३ फुटांची साखळी. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मोजणीदाराने शेताच्या कोपऱ्यावर दगड रोवायचे, गावांच्या शिवेवर मोठे, आणि तीन गावांच्या शिवा मिळतात तिथे सगळ्यात ठसठशीत. नकाशा हा त्या दगडांचा कागदावरचा सारांश होता. आपण आता उलटं समजून बसलोय: नकाशा खरा आणि दगड त्याची खूण.

"मग आता रोव्हर आहेत की," असं आमच्या सोसायटीतल्या एका इंजिनिअर मुलाने मला ऐकवलं. उपग्रहावरून सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजणी होते, दगडांची गरज काय? मी हे बाबांना विचारलं. ते हसले. रोव्हर तुम्ही कुठे उभे आहात ते अचूक सांगतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मोजणीदार कुठे उभा होता ते त्याला कसं कळणार? जुनं टिपण जमिनीवर बसवायचं तर जमिनीवरची एखादी जुनी, न हललेली खूण लागतेच. म्हणून हद्द कायम करायला आलेला भूमापक अजूनही आधी विचारतो: जुना दगड आहे का, विहीर आहे का, बांध आहे का? दोन खुणा पक्क्या सापडल्या तर अर्ध्या दिवसाचं काम. एकही नाही सापडली तर वीस वर्षांचा दावा.

नवी मुंबईत तर हा प्रश्न थेट लोकांच्या घरावर आलेला आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनीवर शहर आखलं गेलं. शेतं गेली, मिठागरं गेली, खाडी मागे सरली. उरलं ते गावठाण. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. पण गावठाण कुठे संपतं हा तंटा मिटला नाही. कुटुंबं वाढली, गरजेपोटी घरं बांधली गेली, आणि एखादं घर कायदेशीर की अनधिकृत हे ठरतं ते गावठाणाच्या रेषेच्या आत की बाहेर यावर. ती रेषा दाखवणारे दगड मात्र सिडकोच्या नोडच्या, म्हणजे नव्या वसाहतींच्या, सपाटीकरणात डंपरखाली गेले. आज तिथला म्हातारा आगरी माणूस हाताने दाखवतो, "आमची शीव त्या चिंचेपर्यंत व्हती." चिंच नाही. तिथे एटीएम आहे. त्याचं म्हणणं खोटं नाही, पण त्याला पुरावा उरलेला नाही.

आणि दगडांचं काय घेऊन बसलात! विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून काढली, उलवे नदी वळवली, दहा गावं उठवली. शतकानुशतकं गावांच्या हद्दी ओढे-नद्यांनी आणि डोंगराच्या धारेनेच सांगितल्या जायच्या. कारण ते हलत नाहीत, असं सगळ्यांना वाटायचं. आता डोंगरच हलतो म्हटल्यावर उरलेल्या दगडांची किंमत कमी होत नाही, वाढते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला काकांनी नाही, माझ्या मैत्रिणीने ऐकवला. ती म्हणाली, "शिवेचं एवढं कौतुक करू नकोस. आमच्या आजोबांना तुमच्या गावाच्या वेशीच्या आत बसायची सोय नव्हती." हे मला पटकन उत्तर देता येण्यासारखं नव्हतं आणि अजूनही नाही. गावकूस आणि वेस या फक्त जमिनीच्या रेषा नव्हत्या. आत कोण आणि बाहेर कोण, हेही त्यांनीच ठरवलं. पण याच इतिहासात एक विलक्षण गोष्ट आहे. शिवेचा वाद उभा राहिला की निवाडा व्हायचा तो महार वतनदाराच्या साक्षीवर. गावाची हद्द राखणं, तिची खूण ठेवणं, तंट्याच्या वेळी ती चालून दाखवणं हे त्याचं वतनाचं काम. तो ज्या वाटेने चालेल ती शीव. ज्याला गावाबाहेर ठेवलं, त्यालाच गाव कुठे संपतं ते नेमकं ठाऊक होतं, आणि पाटलालाही त्याचा शब्द मानावा लागायचा. चौथऱ्यावर पॉलिश करून ठेवलेल्या दगडाच्या पाटीवर हे कधी येणार नाही. 'पुरातन सीमास्तंभ', सौजन्य अमुक नगरसेवक, एवढंच येईल. जागेवरचा दगड निदान प्रश्न तरी विचारायला लावतो: इथून पलीकडे कोण राहत होतं?

उरतो तो सोयीचा मुद्दा, आणि त्यात मी हटवादी नाही. व्हीलचेअर जायला हवी, गटाराला उतार हवा, रुग्णवाहिका वळायला हवी. एखादा दगड खरोखरच हलवावा लागेल. तेव्हा आधी त्याची जागा नीट मोजून, अक्षांश-रेखांशासह नोंदवावी आणि नेमक्या त्या बिंदूवर रस्त्याच्या पातळीत दुसरी फरशी बसवावी, फुलीसकट. दगड मग कुठेही न्या; जागा बोलत राहील. पण नव्वद टक्के वेळा दगड अडचण करत नाही. कंत्राटदाराला ब्लॉक कापायचा कंटाळा असतो, एवढंच.

मुंबईत हे झालेलं आहे म्हणून सांगते. सेंट थॉमस कॅथीड्रलपासून अंतर मोजणारे इंग्रजी अमदानीतले मैलाचे दगड वारसा यादीत पहिल्या श्रेणीत होते आणि तरी फुटपाथमध्ये मानेपर्यंत गाडले गेले होते. कुणी गाडले नव्हते; दर वर्षी डांबराचा आणि ब्लॉकचा नवा थर, रस्ता वर आला, दगड होता तिथेच राहिला. मुंबई महापालिकेने अलीकडे त्यातले दगड खणून, साफ करून, त्यांच्या जागीच उभे केले. संग्रहालयात नेले असते तर 'इथून इतके मैल' हे वाक्यच बाद झालं असतं, हे तिथल्या कुणाला तरी वेळेत उमगलं.

तेव्हा ठाणे आणि नवी मुंबईला अशक्य काही मागत नाही. या महापालिका झाडं मोजतात. १९७५ चा कायदाच तसं सांगतो, दर पाच वर्षांनी वृक्षगणना. झाडाला क्रमांक मिळतो, तोडायला परवानगी लागते, परवानगीशिवाय तोडलं तर निदान आरडाओरडा होतो. तसं दगडांचं करावं. वारसा समितीकडे नेऊ नका. तिथे शंभर वर्षं झाली का, शिल्प आहे का, कुठल्या राजवटीचा, अशी परीक्षा सुरू होईल आणि माझा फुलीवाला दगड नापास होईल. हे काम भूमी अभिलेख खात्याचं आहे. जमीन महसूल संहितेच्या १४० व्या कलमाप्रमाणे आपल्या जमिनीवरच्या हद्दीच्या खुणा सुस्थितीत ठेवणं ही जमीनधारकाचीच जबाबदारी आहे. (आमच्या सोसायटीत जमीनधारक नेमका कोण, हे बिल्डरकडून सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण झालेलं नसल्यामुळे अजून ठरायचं आहे, तो भाग वेगळा.) सरकारी अधिकाऱ्याने रोवलेली सीमाखूण मोडणं किंवा हलवणं हा भारतीय दंड विधानाच्या ४३४ व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा होता, आणि नव्या न्याय संहितेतही तो गुन्हाच आहे. म्हणजे कायदा आहे. फक्त रस्त्याच्या निविदेत एक ओळ नाही: 'काम सुरू करण्यापूर्वी हद्दीच्या खुणा तपासून त्यांची नोंद करावी.' ही एक ओळ घालायला कुठल्या निधीची गरज आहे?

शहरं आपल्या पुसलेल्या हद्दी विसरत नाहीत, हे आपण रोज पाहतो. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली, पण रिक्षावाला अजून 'चेकनाका' म्हणूनच ओरडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल बंद झाला, तरी आनंदनगरला आल्यावर हात आपोआप काचेकडे जातो. आणि तिथेच मुलुंड पूर्वेची हरिओम नगर वसाहत: राहणार मुंबईच्या हद्दीत, पण टोलनाका अलीकडे, त्यामुळे वर्षानुवर्षं मुंबईतून मुंबईत जायला टोल. हद्द एकीकडे आणि अडसर दुसरीकडे असला की काय होतं, ते त्या लोकांना विचारा. नाका कुठे उभा करायचा हे कुणीतरी टेबलावर ठरवलं. रेषेवर जाऊन पाहिलं असतं तर निदान लाज वाटली असती.

आता आमच्या दगडाचं काय झालं ते सांगते. मीटिंगचा ठराव झाला होता, पण उद्यानवाल्यांना चौथऱ्यासाठी मंजुरी लागणार होती, म्हणून ते बारगळलं. मी मुकादमाला गाठून सांगितलं की दगड काढायचा नाही. "ताई, काढत नाही, पण ब्लॉकसाठी जरा खणावं लागंल," तो म्हणाला. खणल्यावर दगड जमिनीखाली आणखी अडीच फूट निघाला, खाली रुंद आणि ओबडधोबड. त्याच्या बुडाशी काळी भुकटी होती. मी चिमटीत घेऊन पाहिली. कोळसाच असेल असं नाही, गटाराचा गाळही असू शकतो. बाबा असते तर त्यांनी सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली गेले तेव्हा दगड पुन्हा उभा होता. सरळ, ओळंब्यात, भोवती सिमेंटचा गोल, त्याला साजेसे कापलेले ब्लॉक. पूर्वी थोडा कललेला होता, आता ताठ. बघणाऱ्याला वाटावं की नेहमीच असा होता. पण तो गटारापासून दूर, भिंतीच्या बाजूला आला होता. माझ्याकडे जुना फोटो होता, त्यात दगडाच्या मागे गटाराचं झाकण दिसत होतं. बाबांची फीत कपाटात होती, ती काढून मोजलं. तीन फूट. मुकादम म्हणाला, "तिथं पाइप येतोय ना ताई. पण बघा, होता त्यापेक्षा भारी बसवलाय."

घोडबंदर रस्त्यावर तीन फुटांचा भाव काय आहे ते मी इथे लिहीत नाही. पण ज्या सोसायटीकडे दगड सरकला त्यांच्यापैकी कुणीही तक्रार केली नाही आणि ज्यांचे तीन फूट वाढल्यासारखे दिसतात त्यांनी दगडाला पांढरा रंग दिलाय.

मी जागेची नोंद व्हावी म्हणून अर्ज करायला गेले. खिडकीवरची मुलगी मदत करणारी होती, माझा फोटो, मोजमाप, हाताने काढलेला नकाशा सगळं तिने शांतपणे पाहिलं. मग अर्जाचा कागद माझ्याकडे वळवून तिने एका रकान्यावर पेन ठेवलं. "मॅडम, मौजे कोणतं?" मी म्हटलं, दोन. दगड दोघांच्या मध्ये आहे. तिने रकाना पुन्हा वाचला, शेजारच्या टेबलावरच्या साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "इथे एकच नाव मावतं."